निशाणी उजव्या पुढल्या खुराची

रशीदभाई, काल सकाळी आमच्या गल्लीतल्या मंगल कार्यालयाबाहेर एक पांढरा घोडा उभा होता. नवरदेव आत फेटा बांधून घेत असावा, बँडवाले चहा पीत होते. मी भाजीची पिशवी खाली ठेवली, घोड्याजवळ गेले आणि आयाळ बाजूला करून त्याची मान बघितली. घोडेवाला ओरडला, "ओ आजी, चावंल ना तो!" मी म्हटलं, "चावू दे." मानेवर काही नव्हतं. सुया टोचून टोचून आलेल्या गाठी नाहीत, वण नाहीत. मी पिशवी उचलली आणि घरी आले.

ही सवय तुमची. सतरा वर्षं तुम्ही पुण्यातली एक वरात सोडली नाहीत. खडकी असो नाहीतर विश्रांतवाडी, घोडा दिसला की सायकल स्टँडवर लावायची, घोडेवाल्याशी दोन शब्द बोलायचे आणि बोलता बोलता मानेवरून हात फिरवायचा. घोडा किती वर्षं जगतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ज्याला शोधत होता तो घोडा, मास्तर, कधीच गेला असणार हेही माहीत होतं. तरी तुम्ही बघत राहिलात. तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले, आणि आता मी बघते आहे. हे काम तुम्ही मला सोपवलं नव्हतं, पण दुसरं कोण करणार आहे?

तुमच्याविषयी संस्थेच्या जुन्या मंडळींनी मोबाइलवर बरंच लिहिलं. मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख. हसतमुख तुम्ही अजिबात नव्हता. तबेल्यात कुणी मोठ्यानं बोललं तरी तुमच्या कपाळाला आठी पडायची. सर्पदंशावरची लस करणारी आपली संस्था, तिच्या तबेल्यात चाळीसेक घोडे, आणि त्या घोड्यांच्या पोटापाण्याची, पायांची, जखमांची सगळी काळजी तुमच्याकडे. घोड्यांना सापाचं विष थोडं थोडं टोचायचं, त्यांच्या रक्तात उतारा तयार झाला की मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, त्यातून लस करायची. मी कार्यालय अधीक्षक, माझ्याकडे फायली. तुमचे घोडेही माझ्याकडे फायलींतच असत, आकड्यांनी. घोडा क्रमांक सत्तावीस. तुम्ही त्याला मास्तर म्हणायचात, कारण रोज दहाच्या ठोक्याला तो फाटकाशी येऊन उभा राही आणि आत येणाऱ्या प्रत्येकाकडे हजेरी घेतल्यासारखा बघे. मी उशिरा आले की तुम्ही मला सांगायचात, "मॅडम, आज मास्तरांनी तुमचा लेटमार्क लावलाय."

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. आठवतं ना, रक्त काढण्याच्या दिवशी तुम्ही मला तबेल्यात बोलावून घेतलं होतं. मी नाकाला पदर लावून उभी. मास्तरच्या मानेत सुई होती आणि तुम्ही त्याच्या कानात काहीतरी बोलत होता. बाटली भरली. तुम्ही म्हणालात, "माणसानं रक्त दिलं की त्याला कॉफी देतात, बिस्किटं देतात, वर सर्टिफिकेट. याला काय?"

"याला चारा देतात की."

"चारा तर रक्त नाही दिलं तरी द्यावा लागतो, मॅडम. तो पगार नाही झाला."

मी वकिलाची मुलगी. मी तुम्हाला वडिलांच्या सुरात सांगितलं, की हक्क त्याला, ज्याला कर्तव्य कळतं. घोड्याला कर्तव्य कळत नाही, म्हणून त्याला दया मिळेल, हक्क मिळणार नाही. तुम्ही बाटलीला बूच लावलंत, चिठ्ठी चिकटवलीत आणि म्हणालात, "अकरा वर्षं ड्यूटी कोण करतंय मग? तुम्ही का मी?"

मी हरले नव्हते. मी सहजासहजी हरत नाही. दोन-तीन महिन्यांनी मुळशीकडे तुमच्या बहिणीच्या मुलाला घोणस चावली आणि तो आपल्याच लसीनं वाचला. दुसऱ्या दिवशी तुम्ही गुळाचा खडा घेऊन तबेल्यात गेलात, तेव्हा मी मागोमाग आले. वाईट आहे सांगायला, पण मी तुम्हाला कोंडीत पकडायलाच आले होते. म्हटलं, "माणसाइतकेच हक्क द्यायचे तर रक्त काढायलाही त्याची परवानगी लागेल. तो नाही म्हणाला असता तर तुमचा भाचा आज कुठे असता?"

गूळ मास्तरच्या तोंडाशी धरलेला हात तसाच राहिला. मला वाटलं, जिंकले. तीन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या टेबलासमोर उभे राहिलात, टोपी हातात घेऊन, आणि म्हणालात, "बरोबर आहे तुमचं. नाही म्हणायचा हक्क त्याला देता येत नाही. माझीच छाती होणार नाही. पण तो एक आपण काढून घेतो ना, म्हणून तर बाकीचे सगळे द्यायला पाहिजेत."

घोडा आणि माणूस सारखे, असं मी अजून म्हणणार नाही. तुमच्या जाण्यानं माझी मतं बदलली असं लिहिलं तर तुम्हीच हसाल, आणि तुमचं हसणं मी आयुष्यात चारदा पाहिलं आहे, पाचवं असल्या कारणासाठी नको. पण ते वाक्य तुम्ही बोलून गेलात आणि माझ्या टेबलावरच राहिलं.

मग मास्तरचं वय झालं. रक्त कमी पडायला लागलं, मानेवरच्या गाठी बऱ्या होईनात. अशा घोड्यांसाठी कार्यालयीन शब्द होता निर्लेखन. मोडक्या खुर्च्या, फुटलेले पंखे आणि घोडे एकाच यादीत जायचे, आणि ती यादी मीच करायची. मग लिलाव. तुम्ही यादी तयार होण्याआधीच एक अर्ज आणून माझ्यासमोर ठेवलात. तो अर्ज आत्ता माझ्यापुढे आहे.

"अर्जदार: घोडा क्र. २७ ऊर्फ मास्तर. विषय: निवृत्तीनंतर संस्थेच्या आवारातच राहू देणेबाबत. महोदया, मी अकरा वर्षे संस्थेच्या सेवेत असून आजवर एकही रजा घेतलेली नाही. कोणासही लाथ मारलेली नाही, अपवाद एक, तो डॉक्टरसाहेबांना माहीत आहे. माझे मागणे जास्त नाही. मागल्या कुंपणाजवळची जागा रिकामीच असते, तेथे मला मरेपर्यंत उभे राहू द्यावे. मला लिहिता येत नसल्याने हा अर्ज तबेला मदतनीस रशीद यांनी लिहिला आहे." आणि खाली, जिथं निरक्षर माणसाचा अंगठा घेतात तिथं, शिक्क्याच्या निळ्या शाईत अर्धगोल ठसा. त्याच्याखाली तुमच्या गोल अक्षरात: निशाणी उजव्या पुढल्या खुराची.

मी खूप हसले हो. आख्खं कार्यालय हसलं. अर्ज टेबलावरून टेबलावर फिरला. आणि माझ्या अंगात आलं. आम्हा पेठेतल्या लोकांना खोड आहे, समोरच्याला उत्तर देण्यापेक्षा त्याच्यावर एक खणखणीत वाक्य टाकायचं. मी लाल पेन काढलं आणि समासात शेरा मारला: "अर्जदाराने समक्ष हजर राहावे." सही केली, अर्ज परत दिला. दिवसभर माझं कौतुक झालं.

तुम्ही तो शेरा वाचलात, घडी घातलीत आणि विचारलंत, "कधी?" मी म्हटलं, "सोमवारी अकराला." तीही गंमतच होती. तुम्हाला ती गंमत कळली नसेल असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. तुम्हाला ती कळली होती. पण कार्यालयाचा शेरा म्हणजे कार्यालयाचा शब्द, आणि तो आपण पाळला की कार्यालयालाही पाळावा लागेल, असा तुमचा हिशेब होता. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त भरवसा त्या लाल शाईवर ठेवलात.

सोमवारी अकराला तुम्ही आलात. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर नवी टोपी. मास्तरला खरारा केलेला, खुरांना तेल लावलेलं, मानेला स्वच्छ पट्टी. कार्यालयाच्या पायऱ्यांसमोर, लिंबाखाली तुम्ही दोघं उभे. नेमकी त्याच दिवशी दिल्लीहून तपासणीची मंडळी आली होती. पहिल्या मजल्यावर बैठक, संचालक, पाहुणे, काजूची बशी. खालून खुरांचा आवाज आला. एक पाहुणे खिडकीतून डोकावले आणि हसून म्हणाले, "यह कौन साहब हैं?" संचालकांनी माझ्याकडे बघितलं. "लेलेबाई, याला कुणी बोलावलं?"

मी म्हटलं, "माहीत नाही, सर."

आणि बाहेर येऊन गायकवाड शिपायाला सांगितलं, "खाली जा. रशीदला सांग, मॅडम आज रजेवर आहेत."

गायकवाड माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग गेला. मी बैठकीत परत न जाता शेजारच्या खोलीच्या खिडकीत गेले, पडद्याआड. गायकवाड तुमच्याशी बोलला. तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं, आता जाल. तुम्ही गेला नाहीत. साडेअकरा झाले, बारा झाले. तुम्ही उन्हात उभे राहून मास्तरला सावली दिलीत. तो अधूनमधून पाय बदलत होता, आणि प्रत्येक वेळी फरशीवर टाप वाजत होती. मग त्यानं मान वर केली आणि माझ्या खिडकीकडे बघितलं. थेट. पडदा होता तरी बघितलं. मी मागे सरले. दीड वाजता परत डोकावले तेव्हा लिंबाखाली कुणी नव्हतं. अर्ज तुम्ही गायकवाडजवळ देऊन गेला होता, "मॅडम आल्या की द्या" म्हणून.

मास्तर यादीत गेला. एका घोडेवाल्यानं घेतला, पांढरा घोडा वरातीला चालतो म्हणाला. टेंपोत चढताना तो अडला नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत. "अडायला पाहिजे होता," म्हणालात, "तो कधी अडलाच नाही, तिथंच त्याचं चुकलं." टेंपो हिंजवडीच्या रस्त्याला लागला एवढंच कळलं. पुढे तो घोडेवालाही सापडला नाही, पत्ता खोटा निघाला.

त्यानंतर तुम्ही एक वाक्य धरलंत. कुठंही मास्तरचा विषय निघाला की तुम्ही म्हणायचात, "त्या दिवशी मॅडम नव्हत्या. असत्या तर झालं असतं." माझ्या निवृत्तीच्या समारंभात, माइकवर, सगळ्यांसमोर म्हणालात. मी हारतुऱ्यात बसलेली. गायकवाड शेवटच्या रांगेत होता, तो जमिनीकडे बघत होता.

आणि मग ते दरवर्षीचे नोव्हेंबर. आपण दोघंही पेन्शनर, हयातीचा दाखला द्यायला बँकेत समक्ष हजर राहायचं. तुम्ही खडकीहून माझ्या शाखेत यायचात, तुमची शाखा घराजवळ असूनही. मी एकदा विचारलं, कशाला एवढ्या लांब? म्हणालात, "तुमच्याशी भांडायला." खुर्च्यांवर बसून आपण तेच ते भांडण पुढे चालवायचो. मी म्हणायचे, उद्या डासालाही हक्क द्याल. तुम्ही म्हणायचात, डासानं अकरा वर्षं नोकरी केली तर जरूर देऊ. एकदा काउंटरवरच्या मुलीनं तुम्हाला "काका, इकडे बघा, फोटो घ्यायचाय" म्हटलं, तेव्हा तुम्ही परत येऊन हळूच म्हणालात, "बघा बाई, आपण जिवंत आहोत का हे सरकार दरवर्षी विचारतं. मास्तरला एकदा तरी कुणी विचारायला पाहिजे होतं."

गेल्या नोव्हेंबरला मी ठरवून आले होते. घरून निघताना आरशासमोर वाक्यसुद्धा म्हणून बघितलं होतं. रशीदभाई, मी त्या दिवशी होते. एवढंच. पाच शब्द. तुम्ही खोकत होता, स्वेटर सैल झाला होता. मी म्हटलं, "रशीदभाई, मला तुम्हाला एक सांगायचंय." तुम्ही माझ्याकडे वळलात. तुमचे डोळे मी नीट बघितले, आणि आज वाटतं की त्यात वाट बघणं होतं. तेवढ्यात टोकन नंबर लागला. तुम्ही म्हणालात, "जा, तुमचा नंबर." मी गेले. किती बरं वाटलं मला उठताना.

परवा तुमच्या घरी आले. तुमच्या मुलीनं, शबानानं दार उघडलं. आता शाळेत शिकवते, पण रडताना अजून तशीच लहान दिसते. तुमच्या खाटेवर मला बसवलं, चहा दिला. मी तिच्याजवळ बोलून मोकळी होणार होते. तुम्हाला सांगता आलं नाही, निदान मुलीला सांगावं, म्हणजे अर्धं तरी पोचेल. मी सुरुवात केली, "शबाना, तुझे अब्बा नेहमी म्हणायचे ना, त्या दिवशी मॅडम नव्हत्या..."

ती म्हणाली, "मावशी, राहू द्या ना. त्यांनी बघितलं होतं तुम्हाला."

मी कपबशी खाली ठेवली.

"मास्तर वर बघायला लागला म्हणून त्यांनीही बघितलं. खिडकीत, पडद्यामागं. आम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं घरी येऊन."

"मग सतरा वर्षं ते असं का म्हणत होते?"

शबानानं ओढणीनं डोळे पुसले. "आम्मीनं पण विचारलं होतं. तर म्हणाले, होत्या असं म्हटलं तर बाई पुन्हा माझ्याशी बोलणार नाहीत. नव्हत्या म्हटलं तर बोलतील. आणि बोलत राहिल्या तर एक दिवस स्वतःच सांगतील."

रशीदभाई, तुम्हाला एवढा मोठेपणा कुणी सांगितला होता? तुम्ही तेव्हाच वर येऊन चार शिव्या घातल्या असत्यात तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित यादीतून सत्तावीस नंबर खोडलाही असता. यादी आणखी पंधरा दिवस माझ्याच खणात होती. मला राग येतो तुमचा, आणि लगेच लाज वाटते, कारण हा रागही सोयीचाच. तुम्ही खडकीहून दरवर्षी बस बदलून माझ्यासमोर येऊन बसत होता, माझ्या तोंडून पाच शब्द ऐकायला. आणि मी तुम्हाला डासाचे हक्क समजावून सांगत होते.

तेव्हापासून मला खिडकीत उभं राहवत नाही. अकरा ते दीड तर नाहीच. आमच्या इमारतीखाली फरशी आहे. पाण्याच्या कॅनवाला टेंपो येतो, कुणी काही आपटतं, आणि मला टाप ऐकू येते. डोळे मिटले तरी लिंबाखाली कुणीतरी उभं आहे हे मला कळतं. काल मुलगी म्हणाली, "आई, तू सारखे पडदे का ओढतेस?" मी म्हटलं, ऊन येतं. वर्षानुवर्षं खोटं बोलण्याची सवय, ती अशी लगेच जात नाही.

तुमचं म्हणणं मी मान्य केलं का? सगळं नाही. पण एक हक्क मी विसरले होते. तो कायद्यात शोधायला नको होता, माझ्याच टेबलावर होता. ज्यानं अर्ज केला त्याला उत्तर मिळालं पाहिजे. नाही म्हणून का होईना, पण समोर उभं राहून. माणसाला आम्ही निदान तेवढं देत होतो. मास्तर सांगितलेल्या वेळेला आला, अडीच तास उभा राहिला, आणि त्याला वर बघावं लागलं.

अर्ज निवृत्तीच्या दिवशी मी पिशवीत घालून घरी आणला होता. कपाटात साड्यांच्या खाली होता. शाई फिकी झाली आहे, खुराचा ठसा मात्र स्पष्ट आहे. मागल्या कुंपणाजवळच्या त्या जागेवर आता कुणा आयटी कंपनीच्या बस उभ्या राहतात. तिथं जाऊन काही करण्यासारखं उरलेलं नाही, आणि तुमच्या कबरीशी येऊन काय बोलू? म्हणून मला जे येतं तेच करते आहे. लाल पेन मिळालं नाही, निळ्यानं लिहिते. माझ्या जुन्या शेऱ्याखाली थोडी जागा आहे, दोन ओळी मावतील एवढी.

अर्जदार समक्ष हजर होता.

अधीक्षक खिडकीत होत्या.